मक्याचा हिशोब मांडताय तर विहिरीचाही मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन-तीन सीझन आपल्या पेपरात मका आणि इथेनॉलवर सारखं काही ना काही येतंय, आज पेरा वाढला, उद्या डिस्टिलरीवाल्यांची खरेदी, परवा भाव पडले म्हणून आंदोलन, आणि हे सगळं यायलाच पाहिजे कारण आमच्या भागाचं पोट त्याच्यावर आहे. पण एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही, बातमीत नाही, अग्रलेखात नाही, कुठल्या मंत्र्याच्या भाषणातही नाही. सोयाबीनच्या जागी मका आला की शेतात नत्र, म्हणजे खतातला नायट्रोजन, किती जास्त पडतो आणि त्यातला किती विहिरीत उतरतो? हे आधी काढता येतं. धोरण जाहीर करायच्या आधी कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून उत्पादन किती वाढेल आणि पाणी किती बिघडेल हे दोन्ही शेजारीशेजारी मांडता येतं, त्याचं शास्त्र तीसेक वर्षं जुनं आहे, प्रोग्राम फुकट मिळतात आणि लागणारा बहुतेक डेटा सरकारी खात्यांकडेच आहे. तरी कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा असेल तसं छापा.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात राहते, घरची शेती आहे, सोयाबीन, कपाशी, तूर आणि विहिरीच्या भरवशावर थोडा गहू-हरभरा, शिवाय ज्युनिअर कॉलेजात मॅथ्स-स्टॅट्स शिकवते. त्यामुळे आकड्यांशी रोजचा संबंध आहे आणि युरियाच्या बॅगशीही आहे.

आधी मका कसा आला ते बघू. २०१८ च्या जैवइंधन धोरणात पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉलचं टार्गेट २०३० चं होतं, ते नंतर २०२५-२६ वर ओढलं आणि गाठलंही. डिसेंबर २०२३ मधे उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंधनं आली, लगेच जानेवारीत मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला आणि मका एकदम मागणीचं पीक झालं. इकडे सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ रुपये आणि बाजार समितीत हातात पडत होते चार हजाराच्या आसपास. मग शेतकरी काय करणार? त्याने जे केलं ते अगदी बरोबर केलं, परवडेल ते पेरलं. आमच्या शिवारात जिथे नजर जाईल तिथे सोयाबीन असायचं तिथे आता मक्याचे पट्टे दिसतात. मला त्यात शेतकऱ्याची काडीचीही चूक दिसत नाही.

आता नत्राकडे या. सोयाबीन मुळांच्या गाठींत हवेतला नत्र स्वतःच धरतं, म्हणून त्याला शिफारस असते हेक्टरी ३० ते ५० किलोची. मक्याला साधारण १२० किलो. म्हणजे पीक बदललं की त्याच जमिनीत अडीच-चार पट नत्र, आणि हा नत्र बहुतेक युरियातून येतो कारण युरियाइतकं स्वस्त काही नाहीच. ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशाला मिळते आणि हा दर कितीतरी वर्षं जागचा हललेला नाही. २०१० ला केंद्राने पोषण-आधारित अनुदानाची स्कीम आणली तेव्हा स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) तिच्यात घेतले आणि युरिया बाहेर ठेवला. स्फुरदासाठी घेतात त्या डीएपीचे आणि पोटॅशचे दर वर गेले, युरिया तिथेच राहिला. परिणाम दोन-तीन वर्षांतच दिसला, देशभरात वापरल्या जाणाऱ्या नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण ४:२:१ च्या जवळ असायचं ते २०१२-१३ ला ८.२:३.२:१ वर गेलं. हे संकट आकाशातून पडलं नव्हतं. एका खताचा दर बांधून ठेवायचा आणि बाकीच्यांचा मोकळा सोडायचा, मग लोक कुठलं खत जास्त घेतील हे अकरावीच्या पोरालाही सांगता आलं असतं.

जूनअखेर पाऊस पडून वाफसा झाला की कृषी केंद्राच्या काउंटरजवळ थोडा वेळ उभं राहून बघा. खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर अंगठे लागत असतात, मागे लाईन. कुणी विचारतो, "भाऊ, पोटॅश आहे का?" दुकानदार म्हणतो, "आहे ना काका, पण रेट ऐकून घ्या आधी," आणि रेट ऐकला की काका म्हणतात, "राहू दे, युरियाच दे दोन बॅग जास्तीच्या." पोटॅशची बॅग युरियाच्या पाच पटीहून महाग, त्यात काही ठिकाणी युरियासोबत नको असलेल्या कसल्यातरी बाटल्या लिंकिंग करून गळ्यात मारतात, मग खिशात उरतं काय? मृदा आरोग्य पत्रिकेत पालाश टाका लिहिलेलं असतं, ते कार्ड घरी फडताळात असतं. डवरणी झाली, ढग भरून आले की लगबगीने युरिया फेकायचा, कारण पावसाच्या आधी पडला तर विरघळेल, मजूर पुन्हा मिळेल की नाही माहीत नाही. आणि पाऊस रिमझिम न येता धो धो आला की मग तो नत्र कुठे जातो?

याचं गणित वर्गात पोरांकडून करून घेते ते इथे देते, ज्यांना आवडत नाही त्यांनी एवढा एकच पॅरा सहन करावा. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. पाऊस वर्षाला ७५० मिलिमीटर धरू. त्यातला दहावा हिस्सा मुरून भूजलाला मिळतो असं धरू, बेसॉल्ट खडकात सरकारी भूजल हिशोबातही त्याच्या मागेपुढेच धरतात. म्हणजे एकरामागे ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन लाख लिटर पाणी खाली जातं. खतातला नत्र मातीत नायट्रेट होऊन पाण्यात विरघळतो, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको असा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नियम आहे, त्याच्यावर सूट नाही. तीन लाख लिटरला ४५ ने गुणलं की येतं साडेतेरा किलो नायट्रेट. नायट्रेटच्या साधारण साडेचार किलोत एक किलो नत्र असतो, म्हणजे ३ किलो नत्र. आणि युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे साडेसहा किलो युरिया. झालं. एका एकरातून फक्त साडेसहा किलो युरियाचा नत्र पाण्याबरोबर खाली गेला तर त्या एकराखाली मुरणारं सगळं पाणी पिण्याच्या मर्यादेवर येऊन उभं राहतं. एका बॅगचा सातवा हिस्सा. आणि मक्याला एकरी जवळजवळ ४९ किलो नत्र पडतो, त्यातला निसटायला पुरे तो फक्त ३ किलो.

हे गणित ढोबळ आहे आणि ढोबळ आहे म्हणूनच पुढचं म्हणणं आहे. खरी जमीन अशी सरळ वागत नाही. मका नत्र खातोही भरपूर, वेळेवर आणि विभागून दिला तर त्यातला मोठा भाग कणसात जातो. काळ्या चिकणमातीत पाणी साचून राहिलं की नायट्रेटचा काही भाग वायू होऊन हवेत उडून जातो. उलट त्याच काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्या भेगांतून मुळांना न भेटताच खाली उतरतं. माळावरच्या मुरमाड जमिनीत तर अडवायलाच काही नाही. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. म्हणजे सारखाच युरिया, सारखाच पाऊस, पण एका गावात विहीर चांगली आणि शेजारच्या गावात बिघडलेली असं होतं. हे सगळं धरून हिशोब करायचा तर कागद पुरत नाही, मॉडेल लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने आणि टेक्सासच्या विद्यापीठाने केलेलं 'स्वॅट' नावाचं मॉडेल जगभर वापरतात, फुकट आहे, आपल्याकडच्या कितीतरी खोऱ्यांवर एमटेक-पीएचडीच्या पोरांनी चालवलेलंही आहे. ते प्रबंध लायब्ररीत राहतात. निर्णय घेणारे त्यांना निर्णयाच्या आधी विचारत नाहीत, हे माझं दुखणं आहे.

आता विहिरींचं काय चाललंय ते. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा गुणवत्ता अहवाल आला त्यात देशातल्या जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं, ४४० जिल्ह्यांत कुठे ना कुठे ते सापडलं, २०१७ ला असे जिल्हे ३५९ होते. महाराष्ट्रात मर्यादेच्या वरचे नमुने ३५.७४ टक्के. आणि सगळ्यात जास्त अडचणीतल्या १५ जिल्ह्यांच्या यादीत आपले सात, वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. ही यादी नीट बघा. खताचं आणि पाण्याचं बोलायला लागलं की आपल्याकडे लगेच कोल्हापूर-सांगलीच्या उसाकडे बोट जातं, तिथे जमिनी चोपण झाल्यात, तिथले प्रश्न खरे आहेत, पण या यादीत ते जिल्हे नाहीत. यादीत आहोत आम्ही, कपाशी-सोयाबीनवाले आणि केळीवाले जळगाव. असं का, याचा अंदाज मी करू शकते, उथळ विहिरी, पाऊस कमी म्हणून पाणी पातळ होत नाही, आणि कोरडवाहू शेतात पावसावर नजर ठेवून एकदम टाकलेलं खत. पण माझ्या अंदाजाला काय किंमत? यासाठीच तर नीट मॉडेल करून कुणीतरी सांगायला पाहिजे.

जानेवारी २०२५ मधे आमच्याच जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, आठवत असेल, देशभर बातमी झाली. तेव्हा पाणी तपासलं तर नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पुढे दिल्लीहून टीम आल्या, तपासाचा रोख सेलेनियमकडे आणि रेशनच्या गव्हाकडे गेला आणि पाण्याचा विषय तिथेच थांबला. केसगळतीचं कारण वेगळं असेल, ठीक. पण तपासणीत सापडलेलं नायट्रेट तर कुठे गेलं नव्हतं ना? ते त्या विहिरीत आणि बोअरमधेच राहिलं आणि कॅमेरे निघून गेले.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं कारण पाणी आटतं आणि ते मागे राहतं. जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली तरी त्याला काही होत नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाची दूध-पावडर त्या पाण्यात कालवली तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आरओने निघतं, म्हणून गावोगाव पाण्याचे एटीएम झालेत, पाच रुपयांचं नाणं टाका आणि जार भरून न्या. ज्याच्याकडे रोज नाणी आहेत तो आरओ पितो आणि बाकीचे विहिरीचं पितात. सरकार युरियावर सबसिडी देतं आणि मग पाणी शुद्ध करायच्या मशीनवर पुन्हा खर्च करतं, हे दोन्ही खर्च एका कागदावर आणले तर धोरण ठरवणाऱ्यांना नक्की काहीतरी दिसेल.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो की हे नायट्रेट शेतातलं नाहीच, उकिरड्याचं आणि संडासाच्या शोषखड्ड्याचं आहे. आक्षेप चांगला आहे, खोडून काढायची घाई नको. कॉलेजच्या पोरींना घेऊन आम्ही जलजीवन मिशनच्या किटने आसपासच्या विहिरींचं पाणी तपासलं. बाटलीत पाणी, त्यात पावडर, थोडं हलवून थांबायचं, आणि मग गुलाबी रंग कितपत गडद होतो ते कार्डाशी जुळवायचं. गावठाणात गोठ्याला लागून असलेल्या विहिरीचा रंग सगळ्यात गडद आला, हे खरं. पण वस्तीपासून लांब, आजूबाजूला फक्त शेत असलेल्या खालच्या अंगाच्या विहिरींतही गडद आला आणि वर माळावरच्या, जिथे पडीक जमीन जास्त आहे, तिथल्या विहिरीला जेमतेम गुलाबी झाक. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे दोन्हीकडून येतंय." तिचं म्हणणं मला पटलं, पण कुणाचा वाटा किती हे त्या किटने कळत नाही. ते काढायच्या पद्धती आहेत, नत्राच्या आयसोटोपवरून खत की शेण-मैला याचा माग लागतो, क्लोराईडशी प्रमाण बघतात. मॉडेलमधे गोठे, शोषखड्डे आणि युरिया तिघांना वेगवेगळे रकाने असतात. वाटा कळला तर पैसे कुठे लावायचे ते कळेल, नाहीतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसतील आणि विहीर तशीच.

बाहेरच्या देशांत हे करून काय मिळालं ते सांगते, कारण मक्याचं आणि इथेनॉलचं तर अमेरिकेत आपल्या आधी झालंय. तिकडे २००५ ला इथेनॉल मिसळायचा कायदा आला, २००७ ला वाढवला. नंतर संशोधकांनी दोन मॉडेल एकमेकांना जोडली, एक बाजाराचं, म्हणजे भाव वाढला तर शेतकरी काय पेरेल आणि किती खत टाकेल, आणि दुसरं शेताचं, म्हणजे त्या खतातून पिकाला किती आणि पाण्याला किती. २०२२ ला निष्कर्ष छापला, त्या कायद्यामुळे मक्याचा पेरा ८.७ टक्क्यांनी वाढला, देशाचा खताचा वापर ३ ते ८ टक्के वाढला आणि पाण्यातलं प्रदूषण ३ ते ५ टक्के. मिसिसिपी नदीतून वाहून आलेल्या नत्राने मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात ऑक्सिजन नसलेला पट्टा तयार होतो, मासे पळतात किंवा मरतात, त्या पाण्यात ही भर. पण मुद्दा असा की हे गणित कायदा वाढवल्यावर पंधरा वर्षांनी आलं. तोवर गवताळ जमिनी नांगरून झाल्या होत्या, डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यावर पोटं अवलंबून होती, मग मागे फिरणं कुणालाच शक्य होत नाही. आपल्याकडे अजून मका वाढतोय, अजून वेळ गेलेली नाही. कुठल्या तालुक्यात मका वाढला तर चालेल आणि कुठे विहिरी आधीच काठावर आहेत हे आत्ता काढलं तर उपयोग आहे.

उलट टोकाचं उदाहरण श्रीलंकेचं, तिथे २०२१ ला रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आणली, भाताचं पीक कोसळलं, चहावाले हवालदिल झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. उत्पादनाचं मॉडेल आधी कुणी प्रामाणिकपणे चालवलं असतं तर ही वेळ आली नसती असं मला वाटतं. म्हणून पाण्याची काळजी म्हणजे खत बंद करा असा अर्थ कुणी काढू नये, माझा तर अजिबात नाही. डेन्मार्कने १९८७ पासून टप्प्याटप्प्याने केलं, प्रत्येक शेताला नत्राचा हिशोब, मोजमाप, नियम, पुन्हा मोजमाप, आणि समुद्रात जाणारा नत्र जवळपास निम्म्यावर आणला. तिथलेही शेतकरी भांडले, गव्हातलं प्रोटीन कमी होतंय म्हणाले, २०१६ च्या सुमाराला नियम ढिलेही केले. पण भांडण आकड्यांवर झालं.

मॉडेलवर डोळे झाकून विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाहीये. अमेरिकेत चेसापीक नावाचा उपसागर आहे, सहा राज्यांचं पाणी त्याच्यात येतं, २०१० ला तिथे नत्र-स्फुरदाची मर्यादा ठरवली, २०२५ ची मुदत दिली आणि प्रगती मोजायला मोठं मॉडेल वापरलं. कुठल्या शेतकऱ्याने बांधाला गवताचा पट्टा ठेवला, कुणी हिवाळ्यात आच्छादन पीक घेतलं, हे सगळं मॉडेलमधे टाकलं की कागदावर प्रदूषण कमी होत जायचं. २०२३ ला त्यांच्याच वैज्ञानिकांच्या समितीने सांगितलं की शेतीकडून येणारं प्रदूषण मॉडेल सांगतं तितकं नद्यांत कमी झालेलं दिसत नाही. आपल्याकडे तर कागदावर शेततळी खोदलेली लोकांनी पाहिलीयेत, त्यामुळे हा धोका आपल्याला जास्त. म्हणून मॉडेल चालवणाऱ्याने दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीत जाऊन मोजलंच पाहिजे आणि दोन्ही आकडे शेजारी छापलेच पाहिजेत, जुळले तर आणि नाही जुळले तरी.

डेटा कुठून आणायचा म्हणाल तर ऐका. कुठल्या तालुक्यात कुठल्या महिन्यात युरियाच्या किती बॅग विकल्या हे पॉस मशीनमुळे केंद्राच्या खत खात्याकडे आहे. कुठल्या गटात काय पेरलं हे २०२१ पासून ई-पीक पाहणीत महसूल खात्याकडे आहे. मंडळागणिक पाऊस-तापमान महावेधच्या हवामान केंद्रांत कृषी खात्याकडे आहे. माती कशी आहे हे नागपूरच्या माती सर्वेक्षण संस्थेकडे आहे, विहिरींची पातळी आणि पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, पिण्याच्या पाण्याचे रिपोर्ट पाणीपुरवठ्याकडे. सगळं आहे. एकेका खात्याच्या सर्व्हरवर वेगवेगळं आहे आणि एकमेकांना कधी भेटत नाही. आता या डेटात खोटही असणार, आमच्याकडे ई-पीक पाहणीत बांधावर न जाता फोटो काढणारेही आहेत, पण खोट किती हे सुद्धा डेटा एकत्र आणल्यावरच कळतं, मक्याचं क्षेत्र आणि युरियाची विक्री जुळत नसेल तर कुठेतरी चुकलंय.

आणि नवी योजना काढायचीही गरज नाही. पोकरामधे, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांवर गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडला, त्याचं मॉडेल आयआयटी मुंबईने केलं. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, पिकाने किती घेतलं, मुरलं किती, हे गावाच्या पातळीवर निघतं, ग्रामसभेत लोकांनी ते बघितलंय, त्यांना त्याची सवय झालीये. म्हणजे अवघड काम, मुरणाऱ्या पाण्याचं, झालेलंच आहे. हा ताळेबंद पाणी किती याचा आहे. त्याच्यात नत्राचा एक रकाना वाढवा एवढंच माझं मागणं आहे, शेतात आला किती, पिकाबरोबर गेला किती, मुरलेल्या पाण्याबरोबर खाली किती. दुसरा टप्पा सात हजारांवर गावांत होतोय, त्याच्यात हे आत्ताच बसवता येईल. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, परभणीचं आहे, राहुरीचं आहे, नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, माणसं आपल्याकडे आहेत.

एकदा हे बसलं की मग खरे प्रश्न विचारता येतील. युरियाचा दर थोडा वाढवून तोच पैसा एकरी थेट खात्यात दिला तर नत्र किती कमी पडेल, मका किती घटेल, की घटणारच नाही? पोटॅशवर अनुदान वाढवलं तर? मक्यात तुरीचं आंतरपीक घेणाऱ्याला काही जास्तीचं दिलं तर? तुरीची आणि सोयाबीनची हमीभावाने खरेदी कागदावर न राहता खरंच झाली तर लोक मक्याकडे किती वळतील? माझा स्वतःचा अंदाज असा आहे की या शेवटच्यात सगळ्यात जास्त दम आहे, कारण सोयाबीनला भाव असता तर इतका मका आलाच नसता, आणि हमीभावाची खरेदी हे पाणी वाचवायचंही साधन आहे असं कुणी मांडलेलं मी ऐकलेलं नाही. पण अंदाज मॉडेलमधून तावून-सुलाखून निघू द्या, चुकीचा निघाला तर मी मान्य करीन. कृषी मूल्य आयोग दरवर्षी ए-टू, एफएल, सी-टू असे खर्च पै-पैचे काढतो, बी-बियाणं, मजुरी, बैल, खत. त्या टेबलाच्या शेजारी या दराने पाण्यावर काय होईल याचं एक टेबल का असू नये?

शेतकरी संघटनांना एक विनंती. हा विषय निघाला की तो शेतकऱ्यावर दोष टाकायला काढलाय असं वाटतं आणि आपली माणसं अंगावर येतात, ते मला कळतं कारण आजवर दोष टाकलाच गेलाय. पण बिघडलेली विहीर आपलीच आहे, तिचं पाणी आपलीच सून आणि आपलीच नातवंडं पितात. खताचा दर आपण ठरवत नाही, मक्याचा आपण ठरवत नाही, इथेनॉलचं टार्गेट आपण ठरवलं नाही. मॉडेल खुलं असेल, मराठीत असेल, कुणालाही आकडे बदलून बघता येतील असं असेल, तर कुठल्या निर्णयाने विहीर बिघडली हे आपणच पुराव्यानिशी दाखवू शकू.

शेवटी आपल्या पेपराला एक मागणं आहे. आपण रोज बाजारभावाचा रकाना छापता, सोयाबीन, तूर, मका, समितीवार किमान-कमाल दर, आमच्या घरी सकाळी पहिला तोच वाचतात. वर्षातून दोनदा, मे मधे आणि ऑक्टोबरमधे, तसाच एक तालुकावार रकाना विहिरींच्या नायट्रेटचा छापा. भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात नमुन्यांचे रिपोर्ट असतात, आपल्या तालुका वार्ताहरांनी मागितले तर मिळायला हवेत, नाही दिले तर माहिती अधिकारात मागता येतील आणि तो अर्ज लिहायला मी आणि माझे विद्यार्थी मदत करू. सुरुवात यादीतल्या सात जिल्ह्यांपासून करा आणि शेजारी त्या तालुक्यात खरिपात किती युरिया विकला गेला तो आकडाही द्या.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. मेहकर, जि. बुलढाणा